मातीत आहे, पण पिकाला मिळत नाही : माती तपासणी आणि तिच्यामागच्या जुन्या प्रयोगांबद्दल

जांबोटीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमची जमीन खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आहे. तांबडी, जांभ्याची, पावसात वाहून जाणारी. सासुरवाडीची जमीन चिकोडीकडे आहे, ती काळी आणि खोल. यंदा दोन्हीकडच्या मातीचे नमुने तपासून घेतले. दोन्ही पत्रिकांवर नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) यांचे आकडे आले आणि दोन्हींवर स्फुरदापुढे ‘कमी’ असा शेरा आला. पत्रिका कन्नडमध्ये असल्याने पाचवीतल्या मुलीने वाचून दाखवली, त्यामुळे वाचनात काही गफलत असण्याची शक्यता नाही.

माझा प्रश्न असा. भातासाठी आम्ही दरवर्षी डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारे रासायनिक खत) टाकतो. सासरे उसाला त्याहून जास्त टाकतात. तरीही स्फुरद कमीच दिसत असेल, तर टाकलेला स्फुरद जातो कुठे? आणि मातीत अमुक इतके आहे, त्यापैकी तमुक इतकेच पिकाला मिळेल, हे कोणी, कधी आणि कसे शोधून काढले? शेतीशास्त्राच्या सुरुवातीच्या संशोधनाची माहिती असणाऱ्यांनी सवडीने लिहावे, लांबले तरी चालेल.

कडोलीकर

आमच्या बटाट्याला टाकलेला स्फुरद दुकानदाराच्या उधारीच्या वहीत जातो. तिथे त्याचा शेरा कायम ‘जास्त’ असतो.

दूधगंगा

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर मिळायला युरोपातल्या विद्वानांना अडीचशे वर्षे लागली, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो.

झाड कशावर वाढते, हे वजनकाटा वापरून तपासण्याचा प्रसिद्ध प्रयोग ब्रसेल्सजवळच्या यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्माँट याचा. त्याने भट्टीत वाळवलेली 200 पौंड माती एका कुंडीत भरली, 5 पौंड वजनाचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. शेवटी झाड 169 पौंडांच्या वर भरले आणि माती पुन्हा वाळवून तोलली तेव्हा ती जेमतेम दोन औंसांनी घटलेली निघाली. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासूनच बनते. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर 1648 मध्ये छापून आला. त्या दोन औंसांकडे त्याने तोलण्यातली किरकोळ तूट म्हणून दुर्लक्ष केले, आणि हवेचा तर विचारच केला नाही.

पुढे 1699 मध्ये जॉन वुडवर्ड या इंग्रजाने पुदिन्याची रोपे पावसाच्या पाण्यात, थेम्स नदीच्या पाण्यात, हाइड पार्कमधल्या नळाच्या पाण्यात आणि बागेतली माती कालवलेल्या पाण्यात वाढवून पाहिली. पाणी जितके गढूळ, तितकी वाढ अधिक. म्हणजे नुसत्या पाण्याचे हे काम नाही, मातीतले काहीतरी लागते. जेथ्रो टल या इंग्रज शेतकऱ्याने यावरून उलट टोक गाठले आणि मुळे मातीचे बारीक कणच खातात, म्हणून जमीन भरपूर नांगरून बारीक करावी, असे सांगितले. त्याची कारणमीमांसा चुकीची होती, तरी ओळीत पेरणी आणि आंतरमशागत या त्याच्या गोष्टी टिकल्या. कारण चूक आणि सल्ला बरोबर, असे शेतीशास्त्रात बऱ्याचदा झाले आहे.

1804 मध्ये जिनिव्हाच्या द सोस्यूरने नीट मोजमाप करून दाखवले की झाडातला कर्ब (कार्बन) हवेतून येतो, झाडाच्या वजनात पाण्याचाही वाटा असतो आणि राखेत सापडणारी खनिजे मातीतून येतात. तरी पुढची तीस-पस्तीस वर्षे जर्मनीत थेअर या शेतीतज्ज्ञाच्या वजनामुळे असेच मानले जाई की झाड सेंद्रिय कुजावाच खाते. ते मत मोडण्याचे काम आधी कार्ल स्प्रेंगेलने 1820 च्या दशकात केले आणि 1840 मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून ते सगळ्या युरोपात पोहोचवले. जो घटक सर्वांत तुटीचा, त्यावर पीक अडते, हा नियम लीबिगच्या नावावर चालतो, पण तो आधी स्प्रेंगेलने मांडला होता.

अरभाट

दूधगंगा सर, माहितीबद्दल आभार, पण एक स्पष्ट सांगावेसे वाटते. या लीबिगनेच शेतीचे वाटोळे केले. नत्र, स्फुरद, पालाश या तीन अक्षरांत जमीन बसवली आणि पोत्यांचा धंदा सुरू झाला. आमचे आजोबा चिकोडी भागात कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय तंबाखू आणि जोंधळा पिकवत होते. शेळ्या-मेंढ्या बसवायचे, गाळ टाकायचे, फेरपालट करायचे. त्यांना कोणी शिकवले होते?

दूधगंगा

अरभाट, आजोबांबद्दल आदर आहेच. मात्र आरोपी चुकीचा पकडला आहे. लीबिगने स्वतः खत काढले तेव्हा ते साफ फसले, आणि नेमक्या त्या फसण्यात जांबोटीकरांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. नोंदवहीवाले या विषयावर अधिकाराने लिहू शकतील, त्यांची वाट पाहू.

नोंदवहीवाला

आठवण काढल्याबद्दल आभार.

1845 च्या सुमारास लीबिगने तयार खताचे पेटंट घेतले. त्याला एक भीती होती : पालाश आणि स्फुरद पाण्यात विरघळणारे ठेवले तर पहिल्याच पावसात ते जमिनीतून निघून जातील. म्हणून त्याने हे क्षार चुन्यासोबत भट्टीत वितळवून जवळजवळ अविद्राव्य करून टाकले. त्यात नत्रही ठेवले नाही, कारण पिकाला लागेल तितका अमोनिया हवेतून मिळतो असे त्याचे मत होते. शेतकऱ्यांनी ते खत विकत घेऊन टाकले आणि पिकात काडीचा फरक दिसला नाही.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये दुसरीच गोष्ट घडत होती. यॉर्कशरचा एक जमीनदार, एच. एस. थॉम्प्सन, याला शेणखताच्या ढिगातून पाझरणाऱ्या अमोनियाची चिंता होती. त्याने मातीने भरलेल्या नळीतून अमोनियम सल्फेटचे पाणी सोडले. खालून जे पाणी बाहेर आले त्यात अमोनिया जवळजवळ नव्हता, मात्र कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, होते. मातीने अमोनिया धरून ठेवला आणि त्याच्या बदल्यात चुना सोडून दिला. रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचा रसायनशास्त्रज्ञ जे. थॉमस वे याने हा प्रयोग वेगवेगळ्या क्षारांवर आणि मातींवर केला आणि 1850 व 1852 मध्ये प्रसिद्ध केला. अमोनियाप्रमाणे पालाशही धरला जातो, स्फुरदही मातीत अडकतो, पण नायट्रेट मात्र सरळ वाहून जाते. ही अदलाबदल मातीतल्या चिकणमातीच्या भागामुळे होते, हेही वेने ओळखले.

लीबिगला हे पटायला वेळ लागला. ज्या वाहून जाण्याच्या भीतीपोटी त्याने आपले खत दगड करून टाकले होते, ती भीती पालाश आणि स्फुरद यांच्या बाबतीत मुळात अनाठायी होती. माती ते काम स्वतःच करत होती.

आता हे खानापूरला लावून पाहा. जांबोटीकरांच्या शेतात डीएपीतला स्फुरद पावसाच्या पाण्यात विरघळून खाली वाहून जात नाही. तो वरच्या थरातच बसून राहतो. माती वाहून गेली तर तिच्यासोबत जातो, एवढेच. त्या पोत्यातला नत्र मात्र नायट्रेट झाल्यावर तिकडच्या अतिवृष्टीत टिकत नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबाल्क शेताखाली 1849 मध्ये निचऱ्याच्या नळ्या घातल्या होत्या, त्यांतून येणारे पाणी पुढे ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाने तपासले, तेव्हा शरद ऋतूत टाकलेल्या अमोनियम क्षारांतला नत्र नायट्रेट होऊन हिवाळ्याच्या पावसात निघून जाताना दिसला. इंग्लंडचा पाऊस तो केवढा! कणकुंबीच्या आषाढापुढे त्याची काय गणती.

जांबोटीकर

म्हणजे स्फुरद शेतातच आहे. मग पत्रिका ‘कमी’ का म्हणते?

कडोलीकर

नवऱ्याच्या खिशात पैसे असतात आणि घरात मात्र कमी असतात, त्यातलाच हा प्रकार दिसतो.

अथणीकडचा

स्फुरदाच्या उत्तराची मीही वाट पाहतो आहे, पण वर थॉम्प्सनच्या नळीतून जिप्सम बाहेर पडले हे वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरचा. कृष्णेचे पाणी आले, ऊस आला, आणि सखल भागातली काळी जमीन पांढरी पडू लागली. कन्नडमध्ये सवळू म्हणतात, आपण क्षारपड किंवा चोपण म्हणतो. अशा जमिनीत कृषी खात्याचे लोक जिप्सम टाकायला सांगतात. नळीत मातीने चुना सोडून अमोनिया धरला, आणि चोपणात आपण जिप्सममधला चुना घालून सोडियम हाकलतो. म्हणजे अदलाबदल तीच, दिशा वेगळी. माझे म्हणणे बरोबर आहे का?

नोंदवहीवाला

अगदी बरोबर. चोपण जमिनीच्या चिकणमातीला सोडियम चिकटलेला असतो, त्यामुळे कण एकमेकांना धरत नाहीत, माती ओली असताना लिबलिबीत आणि वाळल्यावर दगड होते, पाणी मुरत नाही. कॅलिफोर्नियात हिल्गार्ड या मृदाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा जमिनींवर जिप्समचा उपाय सांगितला, आणि पुढे रशियात गेड्रॉइझने हा सगळा प्रकार सोडियमच्या अदलाबदलीने होतो हे नीट उलगडले. मात्र जिप्सम टाकून निचरा केला नाही, तर सुटलेला सोडियम जाणार कुठे? तो तिथेच राहतो.

आपल्या भागासाठी याचा जवळचा दुवा पुण्याचा आहे. 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात, नंतर मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथल्या शेतीचे संशोधन पुण्याच्या कृषी महाविद्यालयाशी जोडलेले असे. तिथले प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. तम्हाणे यांनी 1910 मध्ये नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर अहवाल प्रसिद्ध केला. कालवा आला की ऊस येतो, आणि निचऱ्याकडे दुर्लक्ष झाले की भूजल वर चढून क्षार वर आणते, हे शंभर वर्षांपूर्वी कागदावर आले होते. अथणी, रायबाग भागात पाणी त्यानंतर कित्येक दशकांनी आले, म्हणजे सावध व्हायला वेळ पुष्कळ होता.

सीमाभागी

1956 चा विषय निघालाच आहे तर थोडे लिहितो...

दूधगंगा

कृपया नको. धागा मातीचा आहे, सीमेचा नाही. त्यासाठी दुसरे धागे आहेत आणि ते अजून संपलेले नाहीत.

तरवा

मी कणकुंबीच्या बाजूची. माहेरी भाताचा तरवा (लावणीची रोपे) करण्याआधी रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या आणि वर मातीचा थर असे रचून भाजत असत. कोकणात याला रब म्हणतात. आई सांगायची, भाजलेल्या जागेतला तरवा काळाभोर येतो आणि तण येत नाही. आता बहुतेक घरांनी ते सोडले, कारण पाला आणायला माणसे नाहीत. वर अरभाट यांनी विचारले की आजोबांना कोणी शिकवले, तर मला उलट विचारायचे आहे : आपल्या लोकांच्या या पद्धतींकडे त्या काळच्या शास्त्रज्ञांनी कधी पाहिले का, की सगळे प्रयोग विलोवर आणि पुदिन्यावरच झाले?

नोंदवहीवाला

पाहिले, आणि चांगले पाहिले. 1912 मध्ये मॅन, जोशी आणि कानिटकर यांनी पश्चिम भारतातल्या रब पद्धतीवर स्वतंत्र संशोधन प्रसिद्ध केले. राखेतल्या पालाशाचा आणि स्फुरदाचा फायदा किती आणि माती तापल्याचा फायदा किती, हा त्यामागचा खरा प्रश्न.

योगायोग असा की त्याच्या थोडे आधी, 1909 मध्ये, रॉथमस्टेडला रसेल आणि हचिन्सन यांनी माती 98 अंश सेल्सियसपर्यंत तापवून किंवा टोल्युइनची वाफ देऊन पाहिली होती. अशा मातीत आधी जीवाणूंची संख्या घटते, नंतर ती पूर्वीपेक्षा कितीतरी वाढते, अमोनिया जास्त तयार होतो आणि रोपे जोमाने वाढतात. जीवाणूंना खाणारे सूक्ष्म प्राणी उष्णतेने मरतात म्हणून हे होते, असा त्यांचा खुलासा होता. तो खुलासा पुढे तसाच टिकला नाही, पण मूळ निरीक्षण टिकले. तुमच्या आईचा काळाभोर तरवा आणि इंग्लंडच्या प्रयोगशाळेतली कुंडी, दोन्हींत तापलेली माती नत्र मोकळे करत होती.

अरभाट

हेच तर म्हणतो! लोकांना आधीपासून ठाऊक होते, साहेबांनी फक्त कागदावर उतरवले.

तरवा

अरभाट, एवढ्या लवकर टाळी देऊ नका. रबासाठी आमच्याकडे दरवर्षी डोंगर ओरबाडला जायचा. एका गुंठ्याच्या तरव्यासाठी किती झाडांचा पाला लागतो आणि तो डोक्यावरून कोण आणते, ते मी लहानपणी पाहिले आहे. पद्धत उपयोगी होती हे खरे, पण तिचा खर्च डोंगराने आणि बायकांनी भरला. ‘ठाऊक होते’ म्हणताना हेही धरावे.

दूधगंगा

तरवाताईंचा मुद्दा पक्का आहे, आणि त्यावर एका परदेशी माणसाचे मत ऐकण्यासारखे आहे. वर ज्या व्होल्करचा उल्लेख आला त्याचा मुलगा, जॉन ऑगस्टस व्होल्कर, 1889 मध्ये सरकारच्या बोलावण्यावरून हिंदुस्थानात आला, देशभर फिरला आणि 1893 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. इथल्या चांगल्या शेतकऱ्याला इंग्लंडने शिकवावे असे फार थोडे आहे, अशा अर्थाचे त्याने लिहिले, त्यामुळे अरभाट खूश होतील. पण त्याच अहवालात त्याने जमिनीला खत कमी पडते हेही लिहिले. शेण चुलीत जाते, आणि ते जाते कारण सरपण मिळत नाही. म्हणून त्याने शेतकऱ्याला दोष न देता गावोगाव सरपण आणि वैरणीची राखीव वने लावण्याची शिफारस केली. खताचा प्रश्न जंगलातून सोडवायला निघालेला हा पहिला रसायनशास्त्रज्ञ मला तरी फार आवडतो. त्याच्यानंतर 1892 मध्ये जे. डब्ल्यू. लेदर हे सरकारचे कृषी रसायनशास्त्रज्ञ म्हणून आले. त्यांनी हिंदुस्थानच्या मातींची गाळाची, काळी, तांबडी आणि जांभ्याची अशी चार गटांत मांडणी केली. यांतल्या शेवटच्या तीन आपल्या एकाच जिल्ह्यात सापडतात.

यळ्ळूरचा

आमच्याकडे भात निघाला की त्याच ओलीवर मसूर. खत नाही, पाणी नाही, तरी पुढच्या भाताला जमीन मऊ आणि कसदार. याचा शोध कोणी लावला, तेही सांगून टाका. आमची मसूर सगळीकडे मागतात, तर मान तरी मिळू दे.

नोंदवहीवाला

मसुरीची कथा या सगळ्यांत गमतीची आहे.

फ्रान्सच्या बुसँगो या रसायनशास्त्रज्ञाने 1830 च्या दशकात अल्सासमधल्या आपल्या शेतावर पिकांच्या फेरपालटीचा चक्क हिशेब ठेवला : खतातून किती आले, पिकातून किती गेले. द्विदल पिके फेरपालटीत असली की नत्राचा हिशेब जुळेना. जितका टाकला त्याहून जास्त निघे. मग हा जास्तीचा नत्र हवेतून येतो का, हे पक्के करण्यासाठी त्याने नंतर अधिक काटेकोर प्रयोग केले. रॉथमस्टेडचा संस्थापक लॉस, त्याचा सहकारी गिल्बर्ट आणि अमेरिकेहून आलेला एव्हन प्यू यांनी 1857-58 मध्ये त्याहून कडक व्यवस्था केली. माती तापवून शुद्ध केली, रोपे काचेखाली ठेवली, हवेतून अमोनिया येऊ नये याचा बंदोबस्त केला. निष्पत्ती शून्य. द्विदले हवेतला नत्र घेत नाहीत, असे ठरले आणि जवळजवळ तीस वर्षे तेच मानले गेले.

कारण तापवताना मातीतले गाठींचे जीवाणूच मेले होते. 1886 मध्ये बर्लिनच्या सभेत हेलरीगेलने, विल्फार्थसोबत केलेल्या कामाच्या आधारे, दाखवले की मुळांवरच्या गाठी असल्या तरच द्विदल पीक हवेतला नत्र वापरते. गिल्बर्ट स्वतः त्या सभेत हजर होता. दोनच वर्षांनी बायरिंकने ते जीवाणू वेगळे काढले. तरवाताईंच्या धाग्याशी जोडून पाहिले तर माती तापवल्याने तरव्याला फायदा झाला आणि मसुरीचा शोध मात्र तीस वर्षे लांबला.

यळ्ळूरचा

म्हणजे आमच्या मसुरीला मान मिळाला, पण उशिरा. चालेल, शहापूरच्या बाजारातही भाव उशिराच मिळतो.

अरभाट

बरे, एवढे मान्य. पण शेणखत श्रेष्ठ की पोते, यावर त्या रॉथमस्टेडवाल्यांचे काय म्हणणे आहे? लॉस तर स्वतःच सुपर फॉस्फेटचा कारखानदार होता असे ऐकतो. त्याने शेणखताच्या बाजूने कशाला लिहावे?

दूधगंगा

शंका रास्त आहे. लॉसने हाडांवर गंधकाम्ल टाकून सुपर फॉस्फेट बनवण्याचे पेटंट 1842 मध्ये घेतले आणि लंडनजवळ डेप्टफर्डला कारखाना काढला. त्याच पैशातून 1843 मध्ये ब्रॉडबाल्कचा गव्हाचा प्रयोग सुरू झाला. पण नोंदी जशा मिळाल्या तशा ठेवल्या, आणि तो प्रयोग आजही चालू आहे. काहीच न टाकलेल्या पट्ट्यात गहू पिढ्यान्‌पिढ्या हेक्टरी साधारण एक टनाच्या आसपास येत राहिला, शून्यावर गेला नाही. दरवर्षी हेक्टरी 35 टन शेणखत टाकलेला पट्टा आणि पुरेसे रासायनिक खत टाकलेला पट्टा यांचे उत्पन्न दीर्घकाळ जवळपास सारखे राहिले. मात्र शेणखताच्या पट्ट्यात सेंद्रिय कर्ब दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक झाला. आता हेक्टरी 35 टन शेणखत आपल्यापैकी कोणाकडे आहे, ते सांगा.

पोत्याच्या बाजूने एवढे सांगितले तर दुसरी बाजूही सांगतो. तिथेच 1856 पासून गवताच्या कुरणावर एक प्रयोग चालू आहे. ज्या पट्ट्यांत वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट टाकले आणि चुना दिला नाही, तिथली माती इतकी आम्ल झाली की तिथल्या वनस्पतींच्या बहुतेक जाती नाहीशा होऊन मोजकी गवते उरली. खानापूरच्या जमिनी मुळातच आम्ल आहेत, त्यामुळे हा प्रयोग आपल्या लोकांनी जास्त लक्षात ठेवावा.

जांबोटीकर

सर्वांचे आभार. विलो, पुदिना, मसूर, तरवा सगळे वाचले आणि मुलीलाही वाचून दाखवले. आता कृपया माझ्या स्फुरदाकडे वळूया. पत्रिकेवर सामू (pH, मातीचा आम्ल-विम्लपणा) 5.3 आहे. सासऱ्यांच्या पत्रिकेवर 8.4 आहे. दोघांचाही स्फुरद कमी.

नोंदवहीवाला

सामू सांगितलात, आता उत्तर देता येते.

सुरुवातीचे रसायनशास्त्रज्ञ मातीचा नमुना तीव्र आम्लात उकळून त्यातला एकूण स्फुरद काढत. ओसाड जमिनीतही तो भरपूर निघे, त्यामुळे या आकड्याचा शेतकऱ्याला उपयोग होईना. गोठ्यावर वैरण रचलेली असली म्हणून बैलाचे पोट भरत नाही, ती गव्हाणीत यावी लागते. 1894 मध्ये बर्नार्ड डायरने वेगळी वाट काढली. त्याने अनेक वनस्पतींच्या मुळांच्या रसाची आम्लता मोजली, ती साधारण 1 टक्का सायट्रिक आम्लाच्या जवळ आली, म्हणून त्याने तेवढ्याच सौम्य आम्लाने मातीतून स्फुरद काढला. मग हा आकडा खरा की खोटा हे पाहण्यासाठी रॉथमस्टेडच्या बार्लीच्या जुन्या पट्ट्यांतली माती घेतली, जिथे कोणत्या पट्ट्यात किती खत पडले आणि किती पीक निघाले याची चाळीसेक वर्षांची नोंद होती. सौम्य आम्लाचा आकडा पिकाशी जुळला, एकूण स्फुरदाचा तसा जुळला नाही. तुमच्या पत्रिकेवरचा ‘उपलब्ध’ स्फुरद हा याच विचाराचा वंशज आहे.

जांभ्याच्या आम्ल मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरतात. काळ्या चुनखडीच्या मातीत तेच काम कॅल्शियम करतो. म्हणून तुमच्याकडे आणि सासऱ्यांकडे शेरा एक असला तरी कारण वेगळे आहे, आणि उपायही वेगळा. यासाठी प्रयोगशाळेच्या पद्धतीही दोन आहेत : आम्ल मातीसाठी ब्रे आणि कुर्ट्झ यांची 1945 ची, उदासीन व विम्ल मातीसाठी ओल्सेनची 1954 ची, ज्यात सोडियम बायकार्बोनेट वापरतात. 5.3 सामूच्या मातीला ओल्सेनची पद्धत लावली असेल तर तो आकडा मी फारसा मनावर घेणार नाही.

तुमच्या जमिनीसाठी माझे मत असे. डीएपी फोकून टाकू नका, मुळाजवळ ओळीत द्या, म्हणजे कमी मातीशी संबंध येऊन कमी अडकेल. शेणखतात मिसळून दिले तर आणखी बरे. रॉक फॉस्फेट चिकोडीच्या काळ्या जमिनीत जवळजवळ वाया जाते, पण तुमच्या आम्ल मातीत हळूहळू विरघळते आणि स्वस्तही पडते. चुन्याचा विचार करा, पण तपासणीवरून मात्रा ठरवून. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या एडमंड रफिनने 1832 मध्ये आम्ल जमिनींना चुनखडीची माती देण्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा सामू हा शब्दही जन्मला नव्हता. ती मोजपट्टी सोरेन्सनने 1909 मध्ये दिली.

अथणीकडचा

आणि सासऱ्यांनी?

नोंदवहीवाला

8.4 म्हणजे तुमच्याच वाटेवर असावेत. आधी विद्युतवाहकता आणि सोडियम पाहावा, निचरा पाहावा, मग स्फुरद. त्यांना मळीचे कंपोस्ट सहज मिळत असेल तर ते द्यावे, आणि पाचट जाळू नये.

जांबोटीकर

पत्रिकेवर पद्धतीचे नाव कुठेच नाही. उद्या तालुक्याला जाणार आहे, तिथे विचारतो.

दूधगंगा

विचाराच. आणि नमुना कुठून घेतला होता तेही आठवा. बांधाजवळून, झाडाखालून किंवा जुन्या उकिरड्याच्या जागेवरून घेतला असेल तर पुन्हा घ्या. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो द्यायची. भात निघाल्यावर, खत टाकण्याआधी.

जांबोटीकर

नमुना मेहुण्याने घेतला होता. विचारले तर म्हणाला, गोठ्याच्या मागून घेतला, तिथे खणायला मऊ होते.

कडोलीकर

गोठ्यामागेही स्फुरद ‘कमी’ निघाला असेल, तर ती पत्रिका आधी यळ्ळूरच्या मसुरीला दाखवा.

नोंदवहीवाला

थट्टा राहू द्या, पण हे महत्त्वाचे आहे. गोठ्यामागच्या मातीत शेणामुताचा स्फुरद असताना आकडा कमी आला असेल, तर ओल्सेनची पद्धत लावली असल्याचा माझा संशय बळावतो. नवा नमुना शेतातून घ्या, पिशवीवर ‘सामू 5.3, ब्रे पद्धतीने तपासावे’ असे कन्नडमध्ये लिहून द्या. मुलगी लिहील.